नागपूरच्या माळरानावरची शिलावर्तुळं: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

नागपूरहून काटोल रस्त्याने दहा-बारा किलोमीटर गेलं की जुनापाणी लागतं. तिथल्या मुरमाड माळावर सुमारे ३०० शिलावर्तुळं पसरली आहेत. तरीही गाडीतून उतरल्यावर पहिली काही मिनिटं बहुतेकांना काहीच दिसत नाही. दगड दिसतात, गवत दिसतं, बोरीबाभळी दिसतात. वर्तुळ दिसत नाही, कारण डोळा उभ्या, उंच शिळा शोधत असतो. परदेशातल्या फोटोंमुळे तशी अपेक्षा तयार होते. विदर्भातलं वर्तुळ बसकं असतं. ओबडधोबड काळ्या दगडांचं कडं आणि आत मुरूम, माती, गोट्यांची कासवाच्या पाठीसारखी फुगलेली भर. कड्याचे दगड बहुधा गुडघ्यापर्यंतच येतात, अर्धे जमिनीत रुतलेले असतात.

ही दफनं आहेत, ढोबळमानाने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली, लोखंड वापरणाऱ्या लोकांची. मृताच्या अस्थी, काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, कट्यारी आणि कार्नेलियन या तांबूस दगडाचे मणी ठेवायचे, वर चिकट काळी माती लोटायची, तिच्यावर गोटे आणि मुरूम, आणि बाहेरून मोठ्या दगडांचं कडं. जवळच्याच माहुरझरी गावात आणि आसपासच्या उत्खननांत घोड्याचे अवशेष आणि घोड्याचा तांब्याचा साजही मिळाला. एवढं डोक्यात ठेवून गेलात तर समोरचा दगडांचा पसारा वाचता येतो.

कधी जायचं

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीअखेर. त्याआधी गवत कंबरेपर्यंत असतं आणि वर्तुळं त्यात बुडालेली असतात. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कुसळ पिकलेलं असतं. ते मोज्यात शिरतं, तिथून पायात, आणि अर्ध्या तासात चालणं नको होतं. जानेवारीपर्यंत गुरांनी गवत खाल्लेलं असतं आणि जमीन उघडी पडते. मार्चनंतर दगड छान दिसतात, पण नागपूरचं ऊन दुपारी माळावर उभं राहू देत नाही. एप्रिल-मेमध्ये जायचंच असेल तर सकाळी साडेनऊला माळ सोडायचा, यात सवलत नाही.

पावसाळ्यात जाऊ नका. काळ्या मातीचे पांधण रस्ते चिखलाने भरतात आणि नाले अचानक चढतात. हे नुसतं सावध करण्यासाठी सांगत नाही. ज्यांच्या नावाने नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ओळखलं जातं, ते पाद्री आणि भूशास्त्रज्ञ स्टीफन हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून घोड्यावरून परतताना वाटेतल्या फुगलेल्या नाल्यात बुडाले. टाकळघाट आता बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीच्या शेजारी आहे आणि रस्ते सुधारले आहेत, पण वर्तुळांकडे नेणाऱ्या आडवाटांवरचे नाले आजही तसेच चढतात.

दिवसातली वेळही महत्त्वाची. थंडीत सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. साडेसात ते साडेनऊ आणि दुपारी चार ते सूर्यास्त, या दोन वेळांत तिरपं ऊन दगडांच्या लांब सावल्या पाडतं आणि वर्तुळाची गोलाई जमिनीवर उमटते. बाराच्या उन्हात तीच जागा सपाट दिसते, फोटोही सपाट येतात.

घरी बसून करायचं काम

नकाशाच्या अॅपवर उपग्रहाचं चित्र उघडा आणि जुन्या चित्रांची सोय असेल तर फेब्रुवारी ते मे यांतलं निवडा. हिरव्या चित्रात काही कळत नाही. कोरड्या चित्रात वर्तुळ म्हणजे ठिपक्यांचं कडं आणि आत जरा वेगळ्या रंगाची चकती. अॅपच्या पट्टीने व्यास मोजा. दहा-पंधरा मीटरच्या आसपास असेल तर ती जागा यादीत घ्या. फसवणाऱ्या गोष्टी भरपूर आहेत: जुनी खळी, कडब्याच्या गंज्या, मोठ्या झाडांची छत्री, विटाभट्टीची राख, गुरं बसायच्या जागा. यांतलं बहुतेक काही एकेकटं असतं. शिलावर्तुळं सहसा घोळक्याने असतात, एक सापडलं की शंभर-दोनशे मीटरच्या आत दुसरं पाहा.

जागेची निवडही सांगून जाते. आधी ओढा किंवा नाला, मग त्याच्या काठची सपाट काळी जमीन, आणि तिच्या कडेला मुरमाचा चढ. त्या लोकांची वस्ती काळ्या जमिनीच्या बाजूला, पाण्याजवळ, आणि दफनं चढावर. मुरमाडीत पीक धड येत नाही म्हणून तो भाग पुढच्या पिढ्यांनीही नांगरला नाही, महसुली कागदांवर तो झुडपी जंगल किंवा पडीक म्हणून राहिला, आणि त्यामुळेच वर्तुळं टिकली. आज मात्र तोच मुरूम रस्त्यांसाठी आणि ले-आउटच्या भरावासाठी उचलला जातो. नकाशात पूर्वी दिसणारं वर्तुळ जागेवर गेल्यावर खड्डा निघाला, असं होऊ शकतं.

नकाशाचा तो भाग फोनमध्ये आधीच उतरवून घ्या, माळावर रेंजचा भरवसा नाही.

सोबत काय

घोट्यापर्यंत येणारे बूट आणि पूर्ण पँट. माणशी तीन लिटर पाणी. एक काठी, गवत चाळवण्यासाठी. ३० मीटरचा फायबरचा टेप (पोलादी टेप काट्यांत अडकून पिळतो), एक मीटरची पट्टी जिच्यावर वीस-वीस सेंटीमीटरचे काळे-पांढरे पट्टे रंगवले आहेत, साधं होकायंत्र, आलेख वही, पेन्सिल, आणि एक चांगली टॉर्च. दिवसा टॉर्च कशाला, ते पुढे येईल. खडू, कुदळ, खुरपं, ब्रश यांतलं काहीही घेऊ नका. तुमच्या पिशवीत खुरपं दिसलं तर गावात तुमच्याबद्दल काय समज होईल, याचाही विचार करा.

पोचल्यावर आधी माणसं, मग दगड

काटोलकडे जाणारी एसटी फाट्यावर सोडते, पण पुढचं चालणं आणि परतीची गाडी धरता स्वतःची दुचाकी बरी. गाडी पांधणीत आडवी लावू नका, बैलगाडी आणि ट्रॅक्टरची तीच वाट असते.

वावरात दिसेल त्या माणसाशी आधी बोला. "राम राम काकाजी, ते गोल दगड पाहायला आलो, फोटो काढून जातो" एवढं पुरेसं आहे. टेप आणि होकायंत्र घेऊन फिरणारा अनोळखी माणूस गावाच्या लेखी दोनपैकी एक असतो: जमीन संपादनाची मोजणी करणारा किंवा गुप्तधन शोधणारा. दोघांबद्दलही कुणाला प्रेम नाही. गट मोठा असेल तर सरपंच किंवा पोलीस पाटलांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. वयस्कर माणसं या दगडांचा संबंध गवळी राजांशी लावताना भेटतील. ही लोकसमजूत जुनी आहे, ऐकून घ्या, लगेच दुरुस्त करायला जाऊ नका. त्यांना विचारण्यासारखा खरा प्रश्न वेगळा आहे: "इथले दगड कुणी, कधी उचलून नेले?" त्याचं उत्तर दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नसतं.

तूर, कपाशी उभी असेल त्या वावरात वर्तुळ दिसलं तरी धुऱ्यावरूनच, म्हणजे बांधावरूनच, पाहा.

एक वर्तुळ नीट वाचणं

एका फेरीत पन्नास वर्तुळं पाहण्यापेक्षा एकाला पाऊण तास द्या. नंतरची उरलेली आपोआप दिसू लागतात.

प्रथम आत जाऊ नका. बाहेरून, कड्यापासून दोन-तीन मीटर अंतर ठेवून पूर्ण फेरी मारा. तीन गोष्टी तपासा. दगड खरोखर एका वक्र रेषेत आहेत का? एकमेकांना टेकून किंवा जवळजवळ टेकून आहेत का? आतली भर बाहेरच्या जमिनीपेक्षा उंच आहे का? तिन्हींना होकार मिळाला तर शंका ठेवायचं कारण नाही. फक्त पहिल्याला होकार असेल तर थांबा. बेसाल्ट, म्हणजे इथला काळा खडक, कांद्यासारखा पापुद्र्यांनी झिजतो आणि गोल गाभे जमिनीवर उरतात. असे निसर्गाचे गोटे माळावर शेकड्याने पडलेले असतात आणि मनात वर्तुळ असलं की कुठेही वर्तुळ दिसतं. नैसर्गिक गोट्यांच्या मधल्या जागेत भर नसते, खडक किंवा बाहेरच्यासारखीच माती असते.

आता आतल्या भरीकडे पाहा. मधोमध वाडग्यासारखा खड्डा आणि त्याच्या एका बाजूला मातीचा जुना ढीग दिसला, तर ते वर्तुळ कुणीतरी उकरलं आहे. गुप्तधनवाले नेमका मध्य गाठतात, वेडावाकडा खड्डा करतात आणि माती तशीच टाकून जातात. अभ्यासकांनी केलेलं खोदकाम चौकोनी चरांनी किंवा वर्तुळाचे चार भाग करून होतं, आणि बुजवल्यावरही त्याच्या सरळ कडा काही वर्षं ओळखू येतात. जुनापाणीत दोन्ही प्रकारचे हात लागले आहेत. मध्य प्रांतांचे कापूस आयुक्त असलेल्या रिव्हेट-कार्नॅक यांनी एकोणिसाव्या शतकात इथली काही वर्तुळं उघडली आणि १८७९ मध्ये त्यावर लेख छापला. नंतर १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी तीन वर्तुळांचं पद्धतशीर उत्खनन केलं.

मग मोजमाप. टेप उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असा दोनदा धरा, दगडांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. आतली कड की बाहेरची, हे वहीत लिहा, नाहीतर दोन माणसांच्या मापांत मीटर-दीड मीटरचा फरक पडतो आणि दोघंही बरोबर असतात. टेप ताणून आडवा धरा. पाऊण मीटर उंचीच्या भरीवरून टेप लोळवला तर बारा मीटरच्या मापात दहा-बारा सेंटीमीटर उगाच वाढतात.

दगड मोजताना उत्तरेच्या दगडाला १ क्रमांक द्या आणि घड्याळाच्या दिशेने पुढे जा. क्रमांक फक्त वहीत, दगडावर काही लिहायचं नाही. आता थोडं गणित. व्यास १२ मीटर म्हणजे परीघ साधारण ३७.७ मीटर. दगड सरासरी ६० सेंटीमीटर रुंद असतील तर साठ-बासष्ट दगड लागले असणार. तुम्हाला चाळीस सापडले, तर एक तृतीयांश गायब आहेत. रिकाम्या जागी उथळ खळगा दिसतो का पाहा, दिसला तर दगड अलीकडे उपटला आहे. मग शेजारच्या धुऱ्यावर, गोठ्याच्या पायात, नाल्यावरच्या मोरीत तसे मोठे काळे दगड शोधा. बऱ्याचदा हरवलेले दगड दोनशे पावलांवरच भेटतात.

निम्मं कडं नाहीसं झालं असेल तरी व्यास काढता येतो. उरलेल्या कमानीच्या दोन टोकांमध्ये टेप ताणा, ही झाली जीवा. जीवेच्या मध्यापासून कमानीपर्यंतचं काटकोनातलं अंतर मोजा, ही उंची. जीवेचा वर्ग भागिले उंचीची आठपट, अधिक उंचीची निम्मी, म्हणजे त्रिज्या. जीवा ६ मीटर आणि उंची ०.८ मीटर असेल तर ३६ भागिले ६.४ म्हणजे ५.६, अधिक ०.४, त्रिज्या सहा मीटर. कमान फार लहान असेल तर उंचीतली पाच सेंटीमीटरची चूकही उत्तर बरंच हलवते. तेव्हा दोन वेगळ्या जीवा घेऊन पडताळा.

दिशा मोजताना बेसाल्ट फसवतो. या खडकात चुंबकीय खनिज असतं, आणि होकायंत्र दगडावर ठेवलं की सुई भलतीकडे वळते. फोनचं होकायंत्रही तसंच, त्यातून कव्हरला चुंबक असेल तर बघायलाच नको. कुठल्याही मोठ्या दगडापासून निदान दोन-तीन मीटर दूर उभं राहा. मध्याकडून दगडाकडे एक वाचन घ्या, मग त्याच रेषेत दगडाच्या मागे, बाहेर जाऊन मध्याकडे दुसरं. दोन्हींत १८० अंशांचा फरक आला पाहिजे. आला नाही तर एका जागी सुई ओढली जाते आहे, जागा बदला.

दगडावरचे खळगे

जुनापाणीची खासियत ही. कड्यातल्या काही लांबट दगडांवर माणसाने केलेले उथळ, वाटीसारखे गोल खळगे आहेत, कुठे ओळीत, कुठे दोन समांतर ओळींत, कुठे अधिक चिन्हासारखे. रिव्हेट-कार्नॅक यांनाही त्यांनीच खिळवून ठेवलं होतं आणि युरोपातल्या तशाच खुणांशी त्यांनी यांची तुलना केली. अलीकडच्या काळात खगोल अभ्यासकांनी या दगडांच्या दिशा मोजून त्यांचा आकाशाशी संबंध असावा असं सुचवलं आहे. कल्पना आकर्षक आहे, पण ती कल्पना म्हणूनच मनात ठेवा. दगड उपटले, हलले, पुन्हा बसवले गेले आहेत, आणि ३०० वर्तुळांच्या माळावर कुठली ना कुठली दिशा जुळणारच. तुम्ही फक्त दगडाचा क्रमांक, दिशा, खळग्यांची संख्या आणि मांडणी नोंदवा.

खळगे ओळखायला टॉर्च लागते. सावलीतल्या बाजूला टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून आडवी धरा आणि हळूहळू फिरवा, खळग्याच्या एका काठाला उजेड आणि दुसऱ्याला सावली पडते. समोरून प्रकाश टाकला तर काहीच कळत नाही. खोटे खळगे तीन प्रकारचे. लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या: लहानमोठ्या, विखुरलेल्या, काहींत पांढरं खनिज भरलेलं. पापुद्रा उडाल्याची खोक: एका बाजूला धार, दुसरीकडे उतार. आणि दगडफोड्यांची भोकं: अरुंद, सरळ, खोल. खरे खळगे आकाराने सारखे असतात, कड गुळगुळीत असते आणि त्यांच्यात काहीतरी क्रम असतो.

ठळक दिसावेत म्हणून खडू, तेल, शेंदूर, पाणी काहीही लावू नका. खडूची पूड दगडावरच्या दगडफुलात घुसते आणि पुढची अनेक वर्षं प्रत्येक फोटोत दिसते. कागद ठेवून पेन्सिलीने घासून ठसाही घ्यायचा नाही.

जमिनीवरून काहीही उचलायचं नाही

खापराचा तुकडा, मणी, गंजलेला लोखंडाचा तुकडा दिसेलच, विशेषतः उकरलेल्या वर्तुळाजवळ. पट्टी बाजूला ठेवून फोटो घ्या आणि तिथेच राहू द्या. खापर आत काळं-बाहेर तांबडं आहे की अभ्रकाच्या कणांनी चकाकतं आहे, हे जागेसकट कळलं तर उपयोग आहे, घरच्या शोकेसमध्ये नाही. जुनापाणी केंद्राने संरक्षित केलेलं स्थळ आहे. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यानुसार तिथे नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ड्रोनला आधी परवानगी लागते. विदर्भातली बरीचशी वर्तुळं कुठल्याही यादीत नाहीत आणि तिथे निळा फलक दिसणार नाही. वागायचं मात्र तसंच.

ताजा खड्डा किंवा जेसीबीच्या खुणा दिसल्या तर आत उतरू नका. चारही बाजूंनी फोटो, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, तारीख, एवढं घेऊन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला किंवा तहसील कार्यालयाला कळवा. खोदणारी माणसं समोर असतील तर वाद घालू नका, निघा आणि ११२ ला फोन करा. नवी जागा सापडली तर तिचे अक्षांश-रेखांश इन्स्टाग्रामवर टाकण्याची घाई करू नका. अभ्यासकांच्या आधी ती माहिती कुणाच्या उपयोगाची ठरेल, हे सांगायला नको.

साप आणि ऊन

दगडांच्या फटी आणि उबदार मुरूम म्हणजे घोणस आणि फुरशाची आवडती जागा. फटीत हात घालू नका, दगडावर बसण्याआधी मागची बाजू पाहा, दगड उलथवू नका. दंश झालाच तर चिरा देणं, चोखणं, करकचून बांधणं यांतलं काही करायचं नाही. माणसाला हलू देऊ नका, अंगठी-घड्याळ काढा, १०८ ला फोन करा आणि थेट नागपूरचं मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, गाठा. आग्यामोहोळ दिसलं तर त्या झाडाखाली बिडी, अत्तर, आरडाओरड काही नको.

त्याच दिवशी आणखी काय

जुनापाणीहून त्याच रस्त्याने पुढे काही किलोमीटरवर माहुरझरी आहे. १९७०-७२ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव यांनी इथे उत्खनन केलं. हे मणी बनवण्याचं मोठं केंद्र होतं, आणि दफनांबरोबर वस्तीचेही पुरावे इथे आहेत, म्हणून जुनापाणीनंतर लगेच पाहिलेलं बरं. दुसऱ्या दिवसासाठी पेंच नदीकाठचं नायकुंड ठेवा, तिथे लोखंड वितळवण्याची भट्टी सापडली होती. जमिनीवर आज ती दिसणार नाही, पण नदी, काळी जमीन आणि चढ ही मांडणी स्पष्ट कळते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या हिरापूरला मात्र प्रकार वेगळा आहे. तिथे उभ्या शिळांवर आडवी शिळा ठेवलेले प्रकोष्ठ आहेत, त्यासाठी वेगळा दिवस काढा.

दुपारचं ऊन वाढलं की शहरात परतून मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे १८६३ सालचा अजब बंगला, पाहा. माळावर फक्त कडं दिसतं, आत काय असायचं ते कळायला लोखंडी अवजारं आणि मडकी डोळ्यांसमोर हवीत. संग्रहालय सोमवारी बंद असतं, त्यामुळे शनिवारी किंवा रविवारी निघा. वहीतल्या आकृतीवर उत्तर दिशेचा बाण आणि प्रमाण टाकायचं राहिलं असेल तर ते तिथेच सावलीत बसून पुरं करा. दोन दिवसांनी कुठला फोटो कुठल्या वर्तुळाचा हे सांगता येत नाही, कारण फोटोत सगळी सारखीच दिसतात. म्हणून प्रत्येक वर्तुळाच्या पहिल्या फोटोत वहीचं ते पान, क्रमांक दिसेल असं, धरून ठेवा.